पितळी झाकणातला तळवा

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि माझ्यासोबत चला. समोर तळ्याची पाळ आहे असं समजा. पाळीवर दहाबारा माणसं जाळी दुरुस्त करत बसली आहेत, थट्टामस्करी चालली आहे. त्यांच्यापासून वीस पावलं दूर एक म्हातारा एकटाच बसला आहे. त्याचं कोणाशी भांडण नाही. त्याच्या तळव्याला जखम आहे. ती सहा महिने झाले तरी भरत नाही आणि तिला वास येतो. एवढंच.

मी एक जुना पितळी डबा आहे. भंडाऱ्याच्या एका कासाराकडे ठोके खात मी घडलो. अंगानं बसका, रुंद, आणि झाकण आरशासारखं सपाट. शकुनबाईंच्या आईनं मला लेकीच्या लग्नात दिलं ते करंज्या ठेवायला. पण शकुनबाई नर्स झाल्या. मग माझ्या पोटात करंज्यांऐवजी कापूस, पट्ट्या आणि मलमं आली, आणि आंबागडच्या आसपासची गावं मी त्यांच्या सायकलच्या मागं बसून पाहिली.

लोकांना वाटतं, नर्सबाई म्हणजे सुई आणि तापाची गोळी. मला विचाराल तर त्यांचा अर्धा दिवस जुन्या जखमांत जाई. कोणाची नडगी चिघळलेली, अंथरुणाला खिळलेल्या कोणा आजीच्या पाठीला घाव पडलेला, साखरेच्या आजारानं कोणाचा पाय सडत चाललेला. एक जखम तर दोन दिवाळ्या पुरली. गल्लीत एक दार उघडलं की शेजारचं दुसरं दार हळूच किलकिलं होई, "बाई, आमच्याकडेही या जरा." वरून कोणाला काही दिसत नसे. जो तो आपली जखम धोतराच्या, लुगड्याच्या आड लपवून एकटा बसलेला असे.

पाळीवरचा तो म्हातारा म्हणजे मंगरू ढिवर. त्यालाही साखरेचा आजार. शकुनबाई दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलत आणि बजावत, "पाण्यात पाय घालायचा नाही." तरी जखम ओलीच राही.

"मंगरूभाऊ, खरं सांगा, तळ्यात गेले होते ना?"

"कायले जाऊ बाई? मले का जीव जड झाला?"

दाराआडून त्याची नात रंजू बोलली, "आजा जाते ना तळ्यात! पायाले पन्नी बांधून जाते."

"चूप बस ना बे टुरे! घरातच चुगलखोर पाळून ठेवली मी," मंगरू खेकसला.

शकुनबाईंनी धोतर वर सारलं. पायात प्लास्टिकची पिशवी होती. पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर घोट्याशी जाळ्याचा नायलॉन दोरा करकचून आवळला होता. दोरा कातडीत रुतला होता आणि आत पाय घामानं भिजून पांढरा पडला होता. करंगळी तर काळीनिळी.

"भाऊ, दुखलं नाही का हो?"

"दुखत नाही म्हणून तं बांधलं ना बाई. दुखलं असतं तं सोडलं नसतं का?"

शकुनबाईंचे हात थांबले. "पाय मुका झाला तुमचा. आता तो बोंबलणार नाही, तुम्हालेच रोज पाहा लागते. नाहीतर कापा लागल."

त्याच दिवशी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. करंगळी गेली, पाय वाचला.

पुढं शकुनबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या नर्स रिताबाईंकडे चेनची पिशवी होती. जाताना शकुनबाईंनी मला मंगरूच्या ओसरीवर ठेवलं. "गुडघा वाकत नाही ना तुमचा? मग याच्या झाकणात तळवा पाहा. रोज."

मंगरूनं चार दिवस पाहिला. मग मी फळीवर गेलो, फाटक्या जाळ्यांच्या मागं. माझं पितळ काळवंडलं. कित्येक महिने मला एकही हात लागला नाही. आता जखम भरली होती, वास नव्हता, तरी खाली मंगरूला कोणी चहाला हाक मारत नव्हतं. लोकांना दूर बसायची सवय झाली होती. आम्ही दोघं एका छपराखाली एकेकटे होतो.

मित्रांनो, एक मागणं आहे. असं दूर बसलेलं कोणी दिसलं तर नाक दाबू नका. जवळ जा आणि विचारा, "पाय दाखवता का?"

परवा सकाळी मंगरू पुन्हा पन्नी शोधू लागला. रंजूनं ते पाहिलं. तिनं मला खाली ओढलं, चिंचेनं घासलं, राखेनं पुसलं. माझं झाकण लखलखलं.

"आजा, पाय वर कर."

झाकणात तळवा उमटला. जुन्या व्रणाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा ओला, लाल ठिपका.

"काही नाही ते, पाणी असल," मंगरू म्हणाला आणि त्यानं पन्नीकडे हात नेला.

रंजूनं पन्नी उचलली, दोरा उचलला, दोन्ही माझ्या पोटात कोंबले आणि झाकण लावलं. मग दाराबाहेरून जाणाऱ्या शेजारच्या विक्कीला ओरडून सांगितलं, "रिताबाईले बोलाव! आजाचा पाय पाहा लागते!"

आणि ती माझ्यावर मांडी घालून बसली.