कार्य पार पडू दे

माझ्या नवऱ्याला सगळे मॅनेजर म्हणतात. लग्नाचे हॉल सांभाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्या धंद्यात तो एकच मंत्र शिकला: कार्य पार पडू दे. वाईट बातमी हॉलच्या दारातून आत येऊ द्यायची नाही. नवऱ्या मुलाच्या काकाला दवाखान्यात न्यावं लागो, दागिन्यांचा डबा हरवो, आचारी आणि वाढपी एकमेकांच्या उरावर बसोत, जेवणं उरकेपर्यंत हा दारात हसतमुखानं उभा. सगळं झालं की घरच्या मोठ्या माणसाला बाजूला घ्यायचं, हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि हळूच सांगायचं. वर लोक त्याचे आभार मानतात हो! मग त्याला कोण काय शिकवणार? पालथ्या घड्यावर पाणी.

परदेशाची सहलही त्यानं लग्न काढावं तशीच काढली. माणसं इनमीन चार: तो, मी, आमची कॉलेजात जाणारी लेक आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. सकाळी किल्ला, दुपारी चित्रं, संध्याकाळी जुनी पेठ, नुसती पळापळ. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं एका नामांकित हॉटेलातलं जेवण. तिथं टेबल मिळावं म्हणून तो महिनोन्‌महिने मागे लागला होता. "आईनं जन्मभर दुसऱ्यांना वाढलं," तो म्हणायचा, "एकदा तरी तिला कुणी वाढू दे." खोटं का बोलू, हे ऐकून माझेही डोळे भरून आले होते.

आईंना मात्र यायचंच नव्हतं. त्यांची धाकटी बहीण आजारी होती. आई तिला बारकी म्हणतात, आम्ही मावशी; मावशींच्या घरी आईंना सगळे ताई म्हणतात. दोघींची घरं समोरासमोर, दोघींचे नवरे लवकर गेले, आणि माझ्या नवऱ्याला दोघींनी मिळून वाढवलं. निघायच्या आदल्या आठवड्यात मावशींना ताप आला, छाती भरली, दवाखान्यात ठेवलं. "मी नाही जात," आई म्हणाल्या. त्यावर मावशीच पलंगावरून खेकसल्या, "इथं बसून काय दिवे लावणार आहेस? जा. आणि रोज फोन कर."

विमानतळावर मॅनेजरनं आईंचा फोन काढून घेतला, हरवेल म्हणून. माझा आणि लेकीचा फोन परदेशात चालतच नव्हता. म्हणजे घरचं सगळं बोलणं त्याच्याच खिशात. पहिले दोन दिवस त्यानं इमानानं फोन लावून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्युझियमच्या दारात आम्ही रांगेत उभे होतो. आई आणि लेक पुढे, मी मॅनेजरच्या शेजारी. त्याचा फोन वाजला. मावशींची मुलगी होती. ती इतकी मोठ्यानं रडत होती की मलाही शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"दादा, डॉक्टरांनी हात टेकले. ती शुद्धीवर आहे, पण किती वेळ ते सांगता येत नाही म्हणतात. सारखी ताई कुठंय, ताई कुठंय करतेय. ताईला फोन दे ना."

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं एकदा आईंकडे पाहिलं. त्या पायरीवर टेकून चपलेचा पट्टा सारखा करत होत्या.

"थोड्या वेळानं लावतो," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

"थोड्या वेळानं म्हणजे?" मी म्हटलं. "आत्ता द्या."

"इथं रस्त्यात? ती कोसळेल. आणि आजचं जेवण... तिच्यासाठी केलंय गं मी सगळं. तेवढं पार पडू दे. जेवण झालं की मी स्वतः बसून सांगतो."

"अहो, हा काय तुमचा हॉल आहे?"

"हळू बोल, ती ऐकेल," तो म्हणाला आणि तिकिटं हातात धरून पुढे झाला.

आत नुसती भांडी. काचेमागे मातीची भांडी, तांब्याची भांडी, फुटून चिकटवलेली भांडी. दालनामागून दालन. मी त्याच्या मागे मागे फिरत कुजबुजत होते, आणि तो प्रत्येक काचेसमोर उभा राहून पाटी वाचल्यासारखं करत होता. आईंनी दोनदा विचारलं, "बारकीला फोन लावतोस ना रे?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "झोपली असेल गं. संध्याकाळी लावू." मला वाटलं, आपणच ओरडून सांगावं. पण आईंना धरायला, पाणी द्यायला मी एकटी, आणि फोन त्याच्या खिशात. नुसतं सांगून त्यांना तडफडत ठेवण्यात काय अर्थ? दुपारी मी त्याच्या खिशाला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं. वीस वर्षांच्या संसारात त्यानं माझं मनगट कधी धरलं नव्हतं.

संध्याकाळी आई ठेवणीतली साडी नेसल्या. हॉटेलात काय तो थाट! पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, माणसागणिक चमच्यांची फौज. ताटं परातीएवढी आणि मधोमध घास मुंगीच्या तोंडाएवढा. "हे काय, चव बघायला दिलंय का?" आईंनी विचारलं आणि लेकीला हसू फुटलं. आईही हसल्या. मॅनेजरनं त्या हसण्याचा फोटो काढला, फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि लगेच तो थरथरला. त्यानं न बघता कट केला. पुन्हा थरथरला. पुन्हा कट केला.

माझ्या रागाचा कडेलोट झाला. मी सगळ्यांदेखत फोन उचलला. "आई, उठा. मावशींशी बोलायचंय."

मॅनेजर अर्धवट उठला, पण शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली तसा खाली बसला. चारचौघांत तमाशा नको, हेही त्याच्या धंद्यातलंच.

कोट टांगायच्या जागेजवळ एक बाक होता. आईंना तिथं बसवून मी फोन लावला. पलीकडून मावशींच्या मुलीनं उचलला.

"मी वहिनी. आई बोलतायत. मावशींच्या कानाला लाव."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "हं. लावते."

आई बोलत सुटल्या. "बारके, अगं, काय सांगू तुला! चमच्यात मावेल एवढं वाढतात आणि चारचौघं वाकून विचारतात, आवडलं का म्हणून. आपण असं वाढलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. तू हवी होतीस गं. आता बरी हो, पुढच्या वेळी तुला घेतल्याशिवाय मी पाऊल टाकायची नाही. ऐकतेस ना? बोलू नकोस, दम लागेल. मी बोलते." आणि त्या बोलत राहिल्या, पायांचं दुखणं, नातीची थट्टा, मुक्कामाच्या खोलीतली मऊ गादी. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. चेहरा कसा खुलला होता.

"गप्प ऐकून घेतलं बाई आज. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही," त्या म्हणाल्या आणि टेबलाकडे गेल्या.

मी फोन कानाला लावला.

"वहिनी," मुलगी म्हणाली, "मघापासून दादाला तेच सांगायला फोन करत होते. ती गेली. ताईचा आवाज ऐकला आणि मला बोलवेचना. म्हटलं, बोलू दे."

मी टेबलाशी परत आले. मॅनेजरच्या कानात सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं, आणि तशातही तो पुटपुटला, "आता सांगून तरी काय... हे एवढं उरकू दे."

मला त्याची कीव आली आणि किळसही आली. मी आईंच्या शेजारी खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं. सगळं, सकाळच्या फोनपासून.

त्या मला म्हणाल्या, "मग मी आत्ता बोलले ते कुणाशी?"

"मावशींशीच, आई. कानाला लावला होता फोन."

त्यांनी हात सोडवून घेतला. मुलाकडे वळल्या. "ती सकाळपासून मला मागत होती?"

त्यानं मान हलवली.

"आणि सकाळपासून मी काय बघत होते?"

आई वाट बघत राहिल्या. शेवटी लेकच रडत रडत म्हणाली, "भांडी, आजी. जुनी भांडी."