मितालीची पुसलेली काच

बोलतोय तो मी, ध्रुवक. भोरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली, पितळी कड्यात बसवलेली गोल चकती. नाव अवघड, काम साधं. उजेड एकाच अंगानं पुढं सोडायचा, बाकीचा अडवायचा. कुठल्या कारखान्यात जन्मलो ठाऊक नाही, आणि विचारतंय कोण? पोरांनी मला डोळ्याला लावून खिडकीतनं पोरी बघितल्या. अभ्यास सोडून सगळं केलं.

मग आंबवड्याची मिताली शिकायला आली. काचेवर रंगाचा थर द्यायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सुकला की मखमलीच्या फडक्यानं एकाच दिशेनं घासायची. "रेणू कसे, पेंढ्यांवाणी एका अंगाला निजले पाहिजेत," म्हणायची. निजलेत का, ते मी सांगायचं. मला फिरवताना उजेड मंदावून परत वाढला, म्हणजे निजले. कैक काचा फुकट गेल्या. शेवटी एक साधली. ती पुण्याच्या विद्यापीठातल्या बाईंना दाखवायची होती. त्यांना पटली तर पुढं शिकायला जागा, नाहीतर शिक्षण बंद, असं घरात ठरलेलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमचा शिपाई सावळाराम भाविक माणूस. "इळा-कोयता घासून पुजतो, मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणत त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं आम्हा सगळ्या उपकरणांना पुसलं, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मितालीची काचही पुसली. मी ओरडणार कसा?

बाई यायच्या त्याच सकाळी मिताली आली.

"मामा, माझी काच?"

"ही काय! लई मळली व्हती. डाग निघंना, पर म्या सोडतोय व्हय?"

ती काच घेऊन दिव्याकडं गेली. मग दिवा लावला, काच ठेवली, मला हळूहळू पुरतं फिरवलं. उजेड जराही मंदावला नाही. सावळाराम मागनं वाकला.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही, मामा."

"मग झाली की साफ!"

तिनं मान डोलावली. दुसरी काच साधायला वेळ कुठं होता?

बाईंना म्हणाली, "माझ्याच हातनं पुसली गेली." त्यांनी परत विचारलं, ही तेच म्हणाली. जागा दुसऱ्याला गेली. आता किकवीला औषधाच्या दुकानात बसते म्हणे.

मी कपाटात आहे. कडेनं माझाही पापुद्रा सुटलाय, फार दिवस राहिले नाहीत. सावळाराम अजून येईल त्याला छाती फुगवून सांगतो, "त्या पोरीची काच म्याच लखलखीत करून दिली व्हती."

सांगू दे त्याला. तुम्ही मात्र खरं काय ते त्याच्या कानावर घालू नका. पोरीनं झाकलंय, झाकलेलंच राहू द्या.