मामींचे मुळे

गाव करी ते राव न करी, असं म्हणतात. पण मामी राव नव्हत्या, मामी होत्या, आणि त्यांच्यापुढे म्हणींचीही डाळ शिजत नसे. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली परसबाग मुकाट देऊन टाकली, मामींनी दिली नाही.

गल्लीच्या मागेच बॅटऱ्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, पण परसबागांपर्यंत मातीत मुरलेलं शिसं कुठे जाणार? ती माती खरवडून न्यायची, चांगली आणून घालायची आणि कारखान्याच्या आधी तिथे होती तशी पाणथळ जागा पुन्हा करायची, असं ठरलं. हे काम जिच्याकडे होतं तिला मामी मातीवाली म्हणत. गुडघ्यापर्यंत बूट घालून फिरायची, बोलणं मात्र लोण्यासारखं.

"मामी, तुमच्या बागेतलं पाणी वाहून तळ्यातच येणार. एवढा एक तुकडा तसाच ठेवला तर बाकी सगळं करून उपयोग काय?"

"मी याच मातीतलं खाते. मला काय धाड भरलीय?"

"तुमचं वय झालं. जास्त बाधतं ते लहान मुलांना."

"मग त्यांना सांग, मामीकडे जाऊ नका म्हणून. तसंही कोण येतंय."

हे शेवटचं त्यांना बोलायचं नव्हतं, पण जिभेला हाड नसतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांब, त्याचा फोन रविवारी, तोही जेवता जेवता. राहिली बाग. खरं सांगायचं तर बागेपेक्षाही मामींना तिच्यातून निघणाऱ्या जुड्या हव्या असत. मुळे, पालक जे निघेल ते जुन्या कापडाच्या चिंधीने बांधायचं आणि दारोदार द्यायचं. रिकाम्या हाताने दुसऱ्याच्या दारात उभी राहते ती भिकारीण, असं त्यांच्या आईने शिकवलं होतं. हातात मुळे असले की दार हक्काने वाजवता येतं. उभ्या उभ्या दोन टोमणे मारता येतात, कुणाच्या सुनेला नावं ठेवता येतात, दिवस निघून जातो. बाग गेली तर कुठल्या तोंडाने जायचं?

एका दुपारी गल्लीतल्या शिवणवालीला जुडी देऊन मामी निघाल्या आणि छत्री तिच्याकडेच राहिली म्हणून मागच्या दाराने परत गेल्या. शिवणवाली कचऱ्याच्या डब्यावर वाकली होती. मुळे तिच्या हातातून डब्यात पडले. खाली परवाचा पालक होता, चिंधीची गाठसुद्धा न सोडलेला.

"कधीपासून?" मामींनी विचारलं.

"मामी, माझी पोरं लहान आहेत."

"कधीपासून ते विचारलं मी."

"माती तपासली तेव्हापासून. कुणीच खात नाही. घेतात सगळे."

"मग तोंडावर सांगायचं होतं."

"तुमच्या तोंडावर? पोस्टमनसुद्धा तुमच्या दारात सायकलची घंटी वाजवत नाही." शिवणवालीने मान खाली घातली. "तुम्ही येता, म्हणून घेतो."

मामी छत्री न घेताच घरी गेल्या.

सकाळी त्यांनी मातीवालीला बोलावलं. "घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. का, असं तिने विचारलं नाही; शहाणी होती.

पिवळं यंत्र आलं, बाग उचलून गेलं. नवी माती पडली, पाणी साचलं, लव्हाळे उभे राहिले. त्यांच्यावर चतुर भिरभिरू लागले. पुढच्या वर्षी टिबुकली पक्ष्यांची जोडी आली आणि पिल्लांना पाठीवर घेऊन पोहू लागली.

"एवढं लाडावून ठेवू नकोस त्यांना," मामी खिडकीतून टिबुकलीला सांगत. "मोठी झाली की ढुंकून बघायची नाहीत."

मातीवालीने तळ्याभोवती दोरी बांधली. "पिल्लांचे दिवस आहेत मामी, इकडे कुणी यायचं नाही."

घराकडेही कुणी येत नव्हतं. गल्ली वाईट नव्हती. पण आजवर मामीच सगळीकडे जात आल्या होत्या, त्यांच्याकडे जायची कुणाला सवयच नव्हती.

"छान झालं की आई," मुलगा फोनवर म्हणाला. "मोकळं झालं सगळं."

"हो. मोकळंच आहे."

एका संध्याकाळी मामींनी केस विंचरले, चपला घातल्या आणि शिवणवालीचं दार वाजवलं. तिने दार उघडलं आणि सवयीने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"काय आणलंत, मामी?"

"काही नाही."

"मग?" तिला खरंच कळेना.

मामींना वाटलं, काहीतरी खोचक बोलावं आणि चालू लागावं. जिभेवर आलंही होतं.

"बसायला आलेय," त्या म्हणाल्या.

आत खुर्ची एकच, तिच्यावर शिवायच्या कपड्यांचा ढीग. शिवणवालीने तो उचलून जमिनीवर ठेवला. मामी बसल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. मामींनी हात मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या दांड्यांवर, मग पुन्हा मांडीवर.