ओंडका आणि एकोणीस खिळे

कृष्णेचा पूर ओसरला आणि रिटायर हवालदार लालासाहेबांच्या उसात एक ओंडका सापडला. सात फूट लांब, कवेत न मावणारा. लालासाहेबांनी चिखलात उभं राहूनच जाहीर केलं: सागवान. नव्या घराच्या दाराची चौकट ह्याचीच. शुक्रवारी चौकटीची पूजा. भावकीला फोनसुद्धा गेले.

"सागवान?" बायको मनुबाई म्हणाली. "तुमी अन् तुमचं सागवान! चुलीत घाला."

तासगावचा वखारवाला जयपाल बघायला आला. कुऱ्हाड उलटी धरून ठोकली. खणखणीत. साल खरवडली, ढलपी जिभेला लावली, थुंकला.

"कडुनिंब हाय. पण पोकळ न्हाई. चौकटीला एक नंबर, वाळवी फिरकत न्हाई."

"म्हंजे कापायचा?"

"कापला असता. पण ह्ये खिळे बघा. करणीचं झाड दिसतंय. माझ्या करवतीचा पट्टा तुटंल. सगळे उपसा, मग आणा."

जयपाल गेला. हवालदार करणीबिरणी मानत नव्हते. पक्कड घेऊन बसले.

खिळा पहिला. गंजका.

खिळा सातवा. वाळक्या लिंबासकट.

खिळा बारावा. वीतभर. दुश्मन तालेवार असणार.

खिळा एकोणिसावा. भामाबाई.

म्हणजे शेजारची भामाबाई, पदर सावरत, पळत.

"आवं दादा, तेवढा ऱ्हाऊ द्या! वरच्या म्हसोबाचं झाड हाय ह्ये. त्यो खिळा माझा हाय."

"कुणाच्या नावचा?"

"जावंच्या. अकरा वर्सं झाली, एक शबुद न्हाई तिचा."

"भामाबाई, ती अकरा वर्सं पुण्यात ऱ्हाती."

"व्हय की. मग? गेलीच न्हवं?"

लालासाहेबांनी पक्कड लावली. भामाबाईनं डोळे मिटले. पक्कड तशीच राहिली. करणी खोटी. शंभर टक्के खोटी. पण जाऊ परत आली तर इथंच, भिंतीपलीकडंच येणार, आणि त्या बाईचा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता.

पक्कड खिशात. फोन कानाला.

"जयपाल, एक खिळा निघंना. तेवढा तुकडा तोडून टाकला तर?"

"किती उरतंय?"

"साडेचार फूट."

"साडेचार फुटाच्या दारातनं रांगत जाणार का? खिडकी करा की, आवं!"

शुक्रवारी भावकी जमली. दाराच्या जागी भगदाड. पाच सवाष्णी खिडकीच्या चौकटीला हळदकुंकू लावत होत्या, आणि मनुबाई कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हती.

"दादा," चुलतभाऊ सयाजी म्हणाला, "दाराचं काय?"

"शिमिटाची चौकट येतीया," लालासाहेब छाती काढून म्हणाले. "आधी हवा येऊ दे. माणसं काय, मागनं येतील."