घर नंबर ६१४, मुक्काम ओढ्यात

मी खांब बोलतोय. पुलाचा खांब. आता तुम्ही इचारणार, पूल कुठं हाय? पुरता पूल न्हाय. मी हाय.

मुरगूडच्या पुढं कुंभारटेक म्हणून गाव हाय. ह्या गावाच्या आणि पलीकडच्या घाणेमाळाच्या मधी जो ओढा वाहतो, त्याच्या बरोबर मधोमध मी एकटाच उभा हाय. नवखं पावणं मला बघून गाडी थांबवत्यात, फोटो काढत्यात आणि हसत जात्यात. हसा. मी कुठं जात न्हाय.

माझा जन्म थाटात झाला. भूमिपूजन झालं, नारळ फुटला, मंडप पडला, भाषणं झाली. तीन खांबांचा पूल होता. काठाला दोन आणि मधी एक. कुठलाबी शहाणा गवंडी काठापासनं सुरू करंल. पण पेपरात फोटो द्यायचा होता. काठावरचा खांब फोटोत झुडपात जातो, मधला कसा सुटसुटीत दिसतो. म्हणून आधी मला बांधलं. सळई बांधली, फळ्या ठोकल्या, काँक्रीट ओतलं, ओली पोती गुंडाळली. फोटो झकास आला. मी त्यात खरंच चांगला दिसतोय.

मग मंदी आली.

मला काय मंदी-बिंदी कळत न्हवतं. मला एवढंच दिसलं की गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जाणारी गावातली पोरं दुपारी ओढ्याच्या काठाला बसायला लागली. त्यातला एक आरिफ, वेल्डर. हातात कला, तोंडावर कायम सुतकी भाव, आणि त्या सुतकी तोंडानंच जगाची टर उडवायचा. त्याला कुणी इचारलं, "काय रं, कामाला न्हाय व्हय?" तर म्हणायचा, "आधी तीन पाळ्या होत्या, मग दोन झाल्या, मग एक झाली. आता चौथी चालू हाय. 'फोन करतो' म्हणून."

पोरं घरी बसली तशी गावाची घरपट्टी थांबली. वसुलीला माणूस आला की अख्खी गल्ली गप्प. एका दारामागनं तर खुद्द मालकाचाच आवाज आला, "मालक घरात न्हाईत." पंचायतीच्या दिव्याचं बिल थकलं, दिवं गेलं. वरनं पुलाचा पुढचा हप्ता यायचा होता, त्येचं उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. ठेकेदार मिक्सर घेऊन गेला. एक फुटकं घमेलं तेवढं ठेवून गेला. माझं सामान म्हणाल तर तेवढंच.

ह्यात खरं हाल झालं धोंडुबाईचं. तिच्या दोन म्हशी, आणि दूध घालायचं ते पलीकडं घाणेमाळच्या डेअरीत. उन्हाळ्यात ओढा कोरडा, डोक्यावर किटली घेऊन ती सरळ जाती. पण पाऊस लागला की मुरगुडाकडनं फिरून जायचं. तितं पोचस्तोवर डेअरी बंद नायतर दूध नासलेलं. पुलाच्या भरवशावर तिनं दुसरी म्हैस घेतलेली. म्हैस आली, पूल आला न्हाय.

तिनं माझा उपयोग मात्र करून घेतला. उन्हाळ्यात खाली उतरून माझ्या अंगाला शेणी, म्हंजे गोवऱ्या, थापायची. मला पहिल्यांदा लई राग आला. मी आरसीसी, ही काय इज्जत झाली? पण थंडीवाऱ्यात कळलं, शेणी ऊब देत्यात. आणि पावसाळ्यात ती काठावरनं माझ्याकडंच बघायची. माझं गुडघं बुडालं की लांबच्या वाटेनं जायचं, हे तिचं गणित. गावात माझ्याकडं रोज बघणारी ती एकटीच.

एका उन्हाळ्यात तालुक्यातनं एक साहेब आला, माझ्याभोवती फिरला आणि लिहून गेला की हा खांब पाण्याला अडथळा करतोय, पाडून टाका. पाडायला पैसे मंजूर बी झाले. गावाची ग्रामसभा पारावर भरती आणि लाऊडस्पीकर ओढ्याच्या दिशेला बांधलेला असतो, म्हणून माझ्या मरणाची बातमी मी स्वतः ऐकली.

ग्रामसेवक अमरसिंह. ग्रामसेवकाला सगळीकडं भाऊसाहेबच म्हणत्यात. तो वाचत होता तवर धोंडुबाई उठली.

"भाऊसाहेब, पूल बांधायला पैसा न्हाय म्हणता. मग पाडायला कुठनं आला?"

"आक्का, ते पैशाचं हेड वेगळं हाय. आपत्ती निवारण."

"मग त्या हेडातनं काढा आणि ह्या हेडात घाला की."

"तसं चालत न्हाय."

"का चालत न्हाय? आमच्यात डाळीचा डबा रिकामा झाला तर तांदूळ इकून डाळ आणत्यात. तुमच्यात काय, तांदूळ वतून देत्यात व्हय वड्यात?"

पार हसला. भाऊसाहेब बी हसला, पण त्याच्या हातात काय न्हवतं. सरपंच पूर्णिमावैनी नुसत्या माइककडं बघत बसल्या. त्यांच्या म्होरं दुसरंच संकट होतं. वरनं निरोप होता, आम्ही काय देणार न्हाय, तुमचं उत्पन्न तुम्ही वाढवा. गावात नवीन बांधकामं हुडका आणि घरपट्टी लावा.

म्हणून दुसऱ्या दिवसापासनं भाऊसाहेब आणि पंचायतीचा शिपाई आकाराम गावभर फिरायला लागलं. आकारामच्या हातात रंगाचा डबा आणि नंबर छापायचा पत्रा. सिमेंट दिसलं की नंबर. गोठ्याला नंबर, पत्र्याच्या शेडला नंबर. एका कोंबड्यांच्या खुराड्याला नंबर पडला, खाली दोन इटा सिमेंटमधी होत्या म्हणून. कोंबड्यांनी हरकत घेतली न्हाय.

फिरून फिरून दोघं ओढ्याच्या काठाला टेकली. तितं आरिफ बसलेला.

"झालं का भाऊसाहेब?"

"कुठलं रं. तालुक्याला जेवढी नवीन घरं दाखवायची हाईत त्यात एक कमी पडतंय. उद्या माझी बिनपाण्यानं हुणार."

आरिफनं तोंड तसंच सुतकी ठेवलं आणि माझ्याकडं बोट केलं. "एक राहिलंय की. पक्कं बांधकाम. आरसीसी."

"खुळा काय तू? तो खांब हाय."

"खुराडं चालतंय, आणि खांब चालत न्हाय व्हय?"

भाऊसाहेबानं डोकं खाजवलं. खुराडं त्यानंच लावलेलं.

"राहतंय कोण त्यात?"

"वापर धोंडुमावशीचा हाय. शेणी कुणाच्या हाईत? तुमच्या?"

"आणि मालक?"

"ग्रामपंचायत. वापरणारं कर भरंल. उत्पन्न वाढतंय का न्हाय तेवढं बोला."

भाऊसाहेबानं घाम पुसला. दिवसभर ऊन, आणि एकच आकडा कमी. "वाढतंय," तो म्हणला. "आकाराम, उतर खाली."

आकाराम कोरड्या ओढ्यात उतरला, चार शेणी बाजूला केल्या आणि माझ्या छातीवर नंबर मारला. ६१४. तवापासनं मी घर हाय.

धोंडुबाईला कळलं तवा ती आधी आरिफच्या मागं चप्पल घेऊन धावली. "आरिफ्या, मुडद्या, मला वड्यात घर घेऊन दिलंस व्हय रं?" दम लागला तशी ती थांबली. आरिफ लांबनंच वरडला, "मावशी, कर भर! घर पाडता येत न्हाय असंच! आधी नोटीस, मग सुनावणी!" धोंडुबाईनं चप्पल पायात घातली. दुसऱ्या दिवशी डेअरीचं बिल आलं, त्यातनं ती माझी घरपट्टी भरून आली. खांबाची जागा ती केवढी, त्येचा कर बी तेवढाच.

आता खरी गंमत. सगळं गाव थकलेलं, आणि चालू सालची घरपट्टी पूर्ण भरलेली मिळकत अख्ख्या कुंभारटेकात एकच निघाली. ती म्हणजे मी. गावानं बघून कायतर शिकावं म्हणून पंचायतीनं आदर्श मिळकतीचा सत्कार ठरवलेला, तारीख छापलेली, तालुक्याचा एक पावणा बी ठरलेला. मागं फिरता येईना. शेवटी पावण्याला घेऊन सगळी ओढ्यात उतरली. मला शाल घातली. फेटा बांधला. खांबाला डोकं नसतं, वरनं सळया निघालेल्या असत्यात, त्यालाच गुंडाळला. पावणा भाषणात म्हणला, "ह्या मिळकतीचा आदर्श सर्वांनी घ्यावा." त्याला कुणी सांगितलंच न्हवतं की मी काय हाय. आणि एवढ्या शेणी बघून बी त्यानं इचारलं न्हाय.

आठवड्यात जेसीबी आला.

ड्रायव्हर नवखा होता. त्यानं बकेट उचललं, माझ्यापर्यंत आणलं आणि थांबला. फेटा बघितला, नंबर बघितला. खाली उतरून म्हणला, "हितं कुणी राहतंय काय?"

"मी," म्हणत धोंडुबाई म्होरं आली आणि मला पाठ टेकून उभी राहिली. तिच्या पाठीची थरथर मला कळत होती. माझी काय तिला कळली नसंल, काँक्रीट होतं म्हणून. "माझं घर हाय. पाड. नोटीस कुठं हाय दाखव आणि पाड."

तालुक्याचा साहेब गाडीतनं उतरला. "भाऊसाहेब, काय तमाशा हाय ह्यो? हा खांब हाय!"

भाऊसाहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. खांब म्हणावं तर त्यानं खांबाला घरपट्टी लावलेली. घर म्हणावं तर साहेब भडकणार. तो पूर्णिमावैनीकडं बघायला लागला. वैनी सरपंच झाल्यापासनं कुठल्याच सभेत दोन वाक्याच्या वर बोलल्या न्हवत्या. त्या ओढ्यात उतरल्या, पदर खोचला.

"साहेब, उत्पन्न वाढवा असं तुमीच सांगितलं न्हवं?"

"व्हय, पण..."

"कर भरणारं गावात एक घर हाय. ते बी तुम्ही पाडायला निघालाय. पाडा. पण घेतलेला कर परत करायचा ठराव तुम्ही लिहून द्या, आणि त्या पावण्यांना बी सांगा, कुणाला फेटा बांधून गेलासा ते."

साहेब बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मी बी बघत राहिलो. मला डोळं मिटता येत न्हाईत, ह्यो माझा फायदा.

"वैनी," ड्रायव्हर म्हणला, "माझं भाडं तासावर चालू हाय. पाडायचं का बांधायचं, कायतर सांगा."

त्या "बांधायचं"वर आरिफ काठावरनं खाली उडी मारून आला. "भाऊसाहेब, कर भरणाऱ्या घराला रस्ता द्यायचा असतो का न्हाय?"

"असतो," भाऊसाहेब म्हणला. हळूच म्हणला.

"मग घर नंबर सहाशे चौदाला रस्ता कुठं हाय?"

साहेब गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली. त्यानं व्हय म्हटलं न्हाय, नको बी म्हटलं न्हाय. सरकारात ह्याला मंजुरी म्हणत्यात, असं भाऊसाहेबानंच नंतर सांगितलं. अडथळा काढायला आलेल्या जेसीबीनं मग काठाचा अडथळा काढला, म्हणजे आमच्या बाजूनं मुरूम ओढून चांगला भराव घातला. पुलाच्या हेडात पैसा न्हवता, पण गल्लीतल्या रस्त्याच्या हेडात थोडा शिल्लक होता. त्यातनं लोखंड आलं. आरिफनं आणि फाउंड्रीतनं घरी बसलेल्या पोरांनी वेल्डिंग केलं. मजुरी घेतली, फुकट केलं न्हाय. ते बी बरोबरच हाय. आणि आमच्या काठापासनं माझ्या डोक्यापर्यंत लोखंडी रस्ता झाला. पाटी लागली, "घर नं. ६१४ कडे".

म्हणजे आता पूल अर्धा हाय. लोकं चालत येत्यात, माझ्या डोक्यावर थांबत्यात, पलीकडं बघत्यात आणि परत जात्यात. धोंडुबाई मात्र परत जात न्हाय. ओढा भरला की ती माझ्यावर उभी राहून हाक मारती. डेअरीचा पृथ्वीराज घाणेमाळच्या काठावरनं दोर फेकतो, किटली दोरावरनं लोंबकळत जाती. कधी पोचती. कधी ओढ्याला दुधाचा नैवेद्य होतो.

घाणेमाळला जाऊन कुंभारटेकानं लई सांगून बघितलं, उरलेला अर्धा तुम्ही करा. त्यांच्यात बी तीच मंदी. म्हणले, आमचा काय संबंध? खांब तुमचा, घर तुमचं, नंबर तुमचा.

पण गेल्या महिन्यात घाणेमाळचा ग्रामसेवक कमरंएवढ्या पाण्यातनं चालत माझ्याकडं आला. त्येच्या मागं रंगाचा डबा घेतलेला माणूस. त्यांच्यावर बी वरनं तोच निरोप, उत्पन्न वाढवा. त्यानं टेप लावली, हद्द बघितली आणि म्हणला, "अर्धं आपल्याकडं येतंय." माझ्या पाठीवर नंबर पडला, २०९.

काठावर बसलेला आरिफ सगळं बघत होता. त्यानं रंग वाळू दिला, आणि मग धोंडुबाईला हाक मारायला धावला.

म्हणून सांगतो पावणं, लावा माझ्यावर कर. छातीवर लावा, पाठीवर लावा. पावसाळाभर पाण्यात उभा हाय, पाणीपट्टी बी लावा. रात्री काजवं बसत्यात, दिवाबत्ती कर लावा. भरायला धोंडुबाई हाय. मंदी आली म्हणून तुम्ही थांबला असाल, मी थांबलो न्हाय. मी उभा हाय, आणि दोन गावच्या रंगानं लिहिलेलं हाय की मी हाय.

आज सकाळी ती दोन्ही पावत्या पदरात बांधून माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. किटली खाली ठेवली. आज तिनं पृथ्वीराजला हाक मारली न्हाय. घाणेमाळची पंचायत काठावरच हाय, दार उघडं होतं, ग्रामसेवक आत च्या पीत होता. धोंडुबाईनं कमरंवर हात ठेवलं आणि अख्ख्या ओढ्याला ऐकू जाईल असं वरडली,

"ओ भाऊसाहेब! दोनशे नऊचा कर भरलाय मी! माझा रस्ता कुठं हाय?"