ठिपक्यातलं दार

लातुरात कॅमेरे भाड्याने देणारी आणि विकणारी बाई मी एकटीच असेन. गंजगोलाईमागच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. ‘बुद्धप्रियाताईच्या तोंडी लागू नको’ असं इथले लग्नाचे फोटोग्राफर एकमेकांना सांगून ठेवतात, आणि ते काही खोटं नाही. कुठले तरी व्हिडिओ बघून आलेला माणूस ‘ताई, सगळ्यात भारी कॅमेरा कोणता?’ म्हणाला की माझं डोकंच फिरतं. अरे, भारी कशासाठी? हळदीसाठी की हरणासाठी?

अक्षरा आली तेव्हाही मला तसंच वाटलं. कॉलेजात शिकणारी, शांत चेहऱ्याची मुलगी. हातात वही, वहीत दोन रकाने. एका बाजूला सुरुवातीचा, साधा मिररलेस कॅमेरा. दुसऱ्या बाजूला सगळ्यात वरचा. वजन, सेन्सर, स्क्रीन सगळं कोरीव अक्षरात लिहून आणलेलं. तिला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचे होते.

‘रील करायचीत ना? मग हा छोटा घे आणि सुट,’ मी म्हणाले.

‘रील नाही ताई. माझ्या अज्जांना बघायचंय.’

‘काय बघायचंय त्यांना?’

ती जरा घुटमळली. ‘इष्टलिंग,’ म्हणाली.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. तिचे आजोबा वीरण्णा आडत बंद करून घरी बसलेले. घर इथून चार गल्ल्या पलीकडे. लिंगायत माणूस, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. लिंग आवळ्याएवढं, काळं, गुळगुळीत. त्यावर समईचा किंवा खिडकीचा उजेड पडला की एक बारीक ठिपका चमकतो. नजर त्या ठिपक्यावर ठेवायची. वीरण्णा साठ वर्षं ती ठेवत आले होते. गेल्या दिवाळीपासून डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार.

‘भिंग आणलं,’ अक्षरा म्हणाली, ‘तर वाकल्यावर त्यांचीच सावली पडते. मोबाइलनं मोठं केलं, तर मोबाइल त्या काळ्याला उजळ करून टाकतो, ठिपका राहतच नाही. अज्जा रोज बसतात, तळहात धरतात आणि उठतात. म्हणतात, मी ढोंग करून राहिलो.’

माझ्या घरात देव नाही. वडील मुदखेडला रेल्वेत होते. त्यांनी आम्हाला बुद्धवंदना शिकवली आणि जे मानायचं ते तपासून घ्यायला शिकवलं. हातावरच्या दगडाकडे बघत बसण्यात काय आहे, हे मला कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण तो शेवटचा शब्द मला टोचला. आयुष्यभर मनापासून केलेल्या गोष्टीला म्हाताऱ्यानं स्वतःच ढोंग म्हणावं, हे मला बघवेना.

‘उद्या सकाळी घेऊन ये त्यांना,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता वीरण्णा आले. पांढरं धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, अक्षराचा हात धरलेला. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढल्या. दुकानात मी नेहमी दिवे लावते, पण ते नको म्हणाले, ‘दारातला उजेड पुरं हाय.’ मी त्यांना दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं आणि नेहमीच्या सवयीनं कामाला लागले. दागिन्यांचे फोटो मी बरेच काढते. टेबलावर काळी मखमल पसरली, वस्तूची जागा ठरवली आणि डबी घ्यायला हात पुढे केला.

वीरण्णांनी मूठ छातीशी ओढून घेतली.

दुकानात शिरतानाच अक्षरानं त्यांना माझं नाव सांगितलं होतं. नावावरून माणूस कळायला लातुरात वेळ लागत नाही. ‘का हो अप्पा, माझ्या हातात चालत नाही का?’ मी विचारलं, आणि आवाज माझा मलाच कडू लागला.

‘कुणाच्याच न्हाई माय,’ ते म्हणाले. ‘ह्या पोरीच्या बी न्हाई. सोताच्या पोराच्या हातात कदी दिलं न्हाई. खाली ठेवायचं न्हाई, दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाई. हितं असतंय, न्हाईतर हितं.’ त्यांनी आधी छातीवर आणि मग तळहातावर बोट टेकवलं.

मी ओशाळले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून मखमल गुंडाळून आत ठेवली आणि कॅमेऱ्याची तिपाई काढली.

आधी छोटा कॅमेरा लावला, त्याला जवळचं मोठं करून दाखवणारी मॅक्रो लेन्स. वीरण्णांनी डावा तळहात लेन्सपुढे धरला. या छोट्याला डोळा लावायची खिडकी नाही, मागच्या स्क्रीनवरच बघायचं. आणि दारातला उजेड नेमका त्या स्क्रीनवर. मी वर ओढणी धरून सावली केली. काळं दिसलं, त्यावर पांढरा डागही दिसला. मोठा केला तर डाग नुसता पसरला, चुन्याचं बोट पुसावं तसा. उजेड कमी करून बघितला, तर डागाबरोबर सगळंच बुडालं.

‘हाय कायतरी,’ वीरण्णा म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले, हे लहान पोरालाही कळलं असतं. अक्षरानं वहीतल्या पहिल्या रकान्यावर रेघ मारली.

मग मोठा काढला. हा मी कुणालाही सहज देत नाही. याला डोळा लावायची खिडकी आहे, आणि तिच्यात इवलासा पडदा इतका बारीक विणलेला आहे की आत बघताना पडदा आहे हेच विसरायला होतं. काळ्यातलं काळं आणि उजेडातला उजेड तो वेगवेगळा ठेवतो. तीच लेन्स याला लावली. उजेड थेंबाथेंबानं खाली आणला, फोकस हातानं धरला, दृश्य दसपट मोठं केलं, म्हणजे मधलं पुसलं गेलं तरी कडेनं दिसावं. ‘लावा डोळा,’ म्हणाले.

त्यांनी लावला. मग मान हलवली.

‘पळून राहिलंय.’

मी वाकून बघितलं. त्यांचा हात थरथरत होता. एरवी दिसलीही नसती अशी थरथर, पण दसपट मोठी झाल्यावर लिंग या कडेपासून त्या कडेला झोकांड्या खात होतं. कॅमेऱ्याच्या आत हादरे सावरायची सोय असते, पण ती कॅमेऱ्याच्या हादऱ्यांना, म्हाताऱ्याच्या हाताला नाही. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून बघितलं, उशी दिली, काही जमेना. एवढा जगातला भारी कॅमेरा आणि मी त्याच्यापुढे हात चोळत उभी! मला इतका राग आला की तो कुणावर काढावा हेही सुचेना.

‘राहू दे,’ वीरण्णा म्हणाले. लिंग परत ठेवायला ते डबी उघडायला लागले. मग थांबले आणि अंदाजानं माझ्याकडे तोंड वळवलं. ‘माय, एक कर. हाताखाली हात दे.’

मी अक्षराकडे बघितलं. ती म्हणाली, ‘द्या ना ताई. कॅमेरा धरून धरून तुमचा हात किती स्थिर झालाय.’

मी त्यांच्या बाजूला उभी राहिले, दाराकडे पाठ करून. माझा डावा तळहात त्यांच्या तळहाताखाली लावला. कातडी पातळ, गार आणि विभूतीनं कोरडी. मी कोपर बरगडीशी दाबलं, मंद उजेडात फोटो काढताना रोखते तसा श्वास रोखला. थरथर माझ्या हातात उतरली आणि हळूहळू तिथंच थांबली.

वीरण्णांनी डोळा लावला.

‘हाय!’ ते म्हणाले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून दाढीत शिरत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात हलत नव्हता.

‘माय,’ शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘ह्यो ठिपका न्हाई गं.’

‘मग काय आहे?’ मी विचारलं.

‘दार हाय. तुझ्या दुकानाचं दार. बारकं, मोहरीएवढं. उंबऱ्यापाशी माझ्या चपला हायेत. हिकडं आमची अक्षरा, वही धरून. आन माझ्या बाजूला तू हायेस.’ त्यांनी दम घेतला. ‘साठ वर्सं उजेड उजेड म्हणून बघत आलो मी. आत माणसं हायेत, हे म्हाईतच न्हवतं.’

‘आता तू बघ,’ ते म्हणाले. हात तसाच ठेवून मी वाकले आणि डोळा लावला. रात्रीसारखं काळं, आणि त्या काळ्यात एक दार, उजेडानं भरलेलं. बाहेर रस्ता, रस्त्यावर हातगाडी, वर पट्टीभर आभाळ. सगळं आवळ्याएवढ्या गोलावर, वाकलेलं, पण पुसलेलं काहीच नाही. पंधरा वर्षं मी कॅमेऱ्यातून बघतेय. नांदेडला शिकले तेव्हापासून लेन्सा, सेन्सर, आकडे तोंडपाठ. इतकं मोठं काही मी त्यातून कधी बघितलं नव्हतं. मी देव मानत नाही, आजही मानत नाही. पण त्या क्षणी मी डोळा लावून तशीच वाकून राहिले.

फोटो मी काढला नाही. त्यांनी नको म्हटलं नव्हतं, पण मला बोट दाबवेना.

अक्षरानं वहीत काहीच लिहिलं नाही. ‘मग कोणता घेऊ ताई?’ तिनं विचारलं.

‘कुठलाच नको,’ मी म्हणाले. ‘छोट्यानं भागत नाही, आणि मोठा घरी नेऊन त्याची मापं रोज कोण लावणार? तू कॉलेजला जातेस. आठला दुकान उघडत जाईन मी.’

‘रोज?’ वीरण्णांनी विचारलं. ‘आन हात?’

‘हातही देईन.’

ते येतात. रविवारीसुद्धा. दिवे बंद, दाराकडे पाठ, माझा हात त्यांच्या हाताखाली. मंत्र म्हणतात तेव्हा मी गप्प असते. मंत्र संपला की डोळा न काढता ते दारातली खबर सांगतात. समोर बसलं तर चेहरा ओळखू न येणारा माणूस मागचं सांगतो. दूधवाला थांबलाय, शाळेची पोरं चाललीत, आभाळ भरून आलंय. सुरुवातीला मी वळून खात्री करायची. सगळं तंतोतंत असायचं. आता वळत नाही.

आज सकाळी मात्र ते जरा थांबले. म्हणाले, ‘उंबऱ्यापाशी एक बाई उभी हाय. कडेवर लेकरू हाय. कवापासून तुझ्याकडं बघून राहिली. बोलू का नको, भ्याली हाय.’

मी मान वळवली. उंबऱ्याबाहेर एक बाई उभी होती, कडेवर झोपाळलेलं मूल, हातात कुठल्या तरी कॅमेऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी.

‘आत ये बाई,’ मी म्हणाले. ‘बस जरा. यांचं बघून होऊ दे.’