हळदीचं बोट

खंडेनवमीला खुशालराव देशमुख सरांनी यंत्राला हळदीचं बोट लावलं, ते नेमकं काचेवर. हार घातला, नारळ फोडला, त्याबद्दल प्रियदर्शनी तायडेला काही म्हणायचं नव्हतं. पण काच म्हणजे त्या यंत्राचा डोळा.

"सर, डब्यावर लावा. काचेले नका लावू," ती म्हणाली.

"तुमच्यात नसते पूजा, म्हणून आमी बी करू नये काय?"

सगळे खो खो हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अमरावतीच्या या प्रयोगशाळेत माणसाची कातडी वाढवत. तेल्हाऱ्याच्या कौशल्याचा हात गॅसच्या भडक्यात भाजला होता आणि ती अकोल्याच्या दवाखान्यात पडून होती. तिच्याच मांडीच्या कातडीतल्या पेशी आणून इथे ताटलीत नवी कातडी वाढत होती. ही कातडी जगतेय का हे बघायला तुकडा कापावा लागत नसे. यंत्रातून निळा प्रकाश टाकला की जिवंत पेशी आपणहून हिरवट चमकतात आणि ते पडद्यावर दिसतं; मरायला लागल्या की चमक उतरते. नवमीच्या आधी ती रोज उतरत होती. "जिवंत आहेत त्या पेशी काढून आताच नव्याने वाढवू," असं प्रियदर्शनीने बजावून सांगितलं होतं. सर म्हणाले, थांबा, देवी पाहून घेईल.

देवीने पाहिलंही म्हणायचं! दसऱ्याची सुट्टी संपली तर पडदा हिरवागार. सरांनी पेढे वाटले, वर्तमानपत्राला फोटो दिला आणि कातडी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला न्यायचं ठरवून टाकलं.

प्रियदर्शनीला पेढा गिळवेना. मेलेलं माणूस दसऱ्याचं सोनं वाटायला उठून बसावं, तसलं हे. शिवाय ताटलीत जिथे कातडी पोचलीच नव्हती, तिथेही तेवढीच चमक. पूजेनंतर काच कोणी पुसली, असं तिने विचारलं. सोबत काम करणारी प्रणाली म्हणाली, "म्या पुसली न. चांगली स्पिरिटनं."

हळद स्पिरिटमध्ये विरघळते. ती निघाली नव्हती, काचभर पसरली होती. आणि निळ्या प्रकाशात हळदही हिरवट चमकते. प्रियदर्शनीने यंत्राखाली रिकामी ताटली ठेवली. पडदा हिरवागार. मग काच घासूनपुसून लख्ख केली आणि कातडी ठेवली. पडद्यावर काळोख.

दोन्ही चित्रं तिने सरांच्या टेबलावर आपटली. सरांनी ती पाहिली, बाजूला सारली.

"काच घासली त्यात मशीन बिघडली असन. पेपरात बातमी गेली आता."

"सर, थे कातडं मेलं हाये. जखमेवर लावलं तर पू होईन. बाईचा हात जाईन!"

"तुमाले राग पूजेचा हाये, मॅडम. कातड्याचा नाही."

एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. तिने दोन वर्षं डोळे फोडून हे यंत्र शिकून घेतलं होतं, ते सगळं या माणसाने 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' या दोन शब्दांत गुंडाळून टाकलं. असा संताप तिला जन्मात आला नव्हता. तिने तिथेच उभ्याउभ्या अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"उद्याचं ऑपरेशन थांबवा. कातडी मेली आहे."

सर ताडकन उठले. "कोणाले विचारून सांगून राहिल्या तुमी?"

तिने ऐकलंच नाही. डॉक्टर वॉर्डातच होते. तुम्हीच सांगा तिला, म्हणून त्यांनी फोन कौशल्याकडे दिला. प्रियदर्शनीने सांगितलं. 

"म्हंजे मांडीचं कातडं पुन्हा काढतीन, ताई?"

"हो."

"काहून? माह्यं काय चुकलं?"

"तुमचं काहीच नाही चुकलं. कोणाचं चुकलं, थे आमचे सर सांगतात."

तिने स्पीकर चालू केला आणि फोन सरांच्या कपाशेजारी ठेवला. 

"बोला न, सर," कौशल्या म्हणत होती. "काहून मेलं माह्यं कातडं?"